दंड सरकारजमा, नुकसान घरात: आरोपी अल्पवयीन असतो तेव्हा पीडिताला काय मिळते

२९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने लागोपाठच्या क्रमांकांचे दोन ठराव मंजूर केले. ४०/३३ या ठरावाने कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांना कसे वागवावे याचे किमान नियम स्वीकारले आणि ४०/३४ या ठरावाने गुन्ह्याची झळ बसलेल्या माणसांना न्याय कसा मिळावा याची मूलतत्त्वे जाहीर केली. एकाच दिवशी जन्मलेली ही दोन भावंडे आपल्याकडे मात्र वेगवेगळ्या घरांत वाढली. पहिल्याचे पडसाद १९८६ च्या बाल न्याय कायद्यात लगेच उमटले. दुसऱ्याची दखल घेऊन ‘पीडित’ या शब्दाची व्याख्या फौजदारी प्रक्रिया संहितेत यायला आणि सरकारी भरपाईचे कलम लागू व्हायला ३१ डिसेंबर २००९ उजाडावा लागला. आरोपी सज्ञान असतो तेव्हा ही दिरंगाई फारशी जाणवत नाही. आरोपी अठरा वर्षांखालचा असला, की ज्याचे नुकसान झाले तो माणूस या दोन घरांच्या मधल्या बोळात उभा राहतो आणि कोणाचे दार वाजवावे हे त्याला कोणी सांगत नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी चौकात हातगाडीवर भाजी विकणाऱ्या पन्नाशीच्या एका बाईंना सतरा वर्षांच्या मुलाने वडिलांच्या मोटारसायकलने धडक दिली. बाईंच्या मांडीचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करून आत सळई बसवावी लागली, हातगाडीचे चाक तुटले आणि चार महिने धंदा बुडाला. मुलगा पळाला नाही, तोही खरचटलेला, रडत तिथेच उभा राहिला. बाईंचा थोरला लेक पोलीस ठाण्यात गेला तेव्हा बाकावर बसलेल्या कोणीतरी त्याला सांगितले, “पोरगं अल्पवयीन आहे, त्याचं काही होत नसतं.” हे वाक्य निम्मे खरे आहे. त्याचा उरलेला, खोटा निम्मा भाग या कुटुंबाला फार महागात पडू शकतो, कारण ‘मुलाला शिक्षा होणार नाही’ याचा अर्थ ‘आपल्याला भरपाई मिळणार नाही’ असा ते घेऊन बसतात.

आधी मुलाच्या बाजूने काय घडते ते पाहू. २०१५ चा बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. या कायद्यात अशा मुलाला आरोपी किंवा गुन्हेगार म्हणत नाहीत. तो ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असतो आणि त्याचे प्रकरण नेहमीच्या न्यायालयात न जाता बाल न्याय मंडळापुढे जाते, जिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात व त्या दोघांपैकी निदान एक स्त्री असते. मंडळ खटला चालवत नाही, चौकशी करते. कायद्याने गुन्ह्यांचे तीन गट पाडले आहेत. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे तो किरकोळ. ज्याला कमीत कमी सात वर्षांची कैद सांगितली आहे तो अतिगंभीर. या दोहोंच्या मधले सगळे गंभीर. भाजीवाल्या बाईंच्या बाबतीत लागू होणारे कलम भारतीय न्याय संहितेतले १२५ आहे, म्हणजे बेदरकारपणे वागून दुसऱ्याला जबर दुखापत करणे, आणि त्याला जास्तीत जास्त तीन वर्षे कैद आहे. तेव्हा मांडीचे हाड मोडणे हे या कायद्याच्या मोजपट्टीवर ‘किरकोळ’ ठरते. शब्द झोंबणारा आहे. पण ती बाईंच्या वेदनेची मोजणी नव्हे, तर मुलावर कोणती कार्यपद्धती लागू करायची याची आहे.

या वर्गवारीचे दोन परिणाम पीडिताने ओळखून असावेत. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात कोणी सज्ञान माणूस सामील नसेल, तर मुलाविरुद्ध प्रथम खबर अहवाल नोंदवला जात नाही. माहिती स्टेशन डायरीत लिहिली जाते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल जोडून ती मंडळाकडे पाठवली जाते. ‘आमची एफआयआरच घेतली नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हा नियम असतो. दरवेळी ती पोलिसांची टाळाटाळ असतेच असे नाही. दुसरी गोष्ट मुदतीची. मुलाला पहिल्यांदा हजर केल्यापासून चार महिन्यांत चौकशी पुरी व्हावी लागते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात, आणि किरकोळ गुन्ह्यात तेवढ्यातही ती पुरी झाली नाही तर ती आपोआप संपुष्टात येते. बाई अजून काठी टेकत चालत असताना मंडळापुढची फाइल बंद झालेली असू शकते.

चौकशीत मुलाचा दोष सिद्ध झालाच, तर कलम १८ मंडळाला सात प्रकारचे आदेश देण्याची मुभा देते. समज देऊन घरी पाठवणे, समुपदेशन, समाजसेवा, चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर पालकांच्या किंवा योग्य संस्थेच्या देखरेखीखाली सोडणे आणि शेवटचा उपाय म्हणून तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात ठेवणे. या यादीत एक आदेश असाही आहे, की मुलाने किंवा त्याच्या आईवडिलांनी दंड भरावा. पीडिताच्या घरचे हे ऐकतात आणि त्यांना वाटते, की हा पैसा आपल्याला मिळेल. तो सरकारजमा होतो. कलमात ‘दंड’ हा शब्द आहे, ‘भरपाई’ हा नाही, आणि माझ्या मते संपूर्ण कायद्यातली ही सर्वांत मोठी फट आहे. ज्या आदेशाने मुलाला आपल्या कृत्याचा अर्थ कळण्याची सर्वाधिक शक्यता होती, म्हणजे ‘तुझ्यामुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांचे ते भरून दे’, तो आदेश कलमाच्या यादीत सरळ लिहिलेलाच नाही.

यावर वकील मंडळी एक वाट काढतात. मंडळाला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत, आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९५ नुसार न्यायालयाला वसूल झालेल्या दंडातून पीडिताला भरपाई द्यायला सांगता येते. तेव्हा मंडळानेही तसे करावे, असा हा युक्तिवाद आहे. समोरची बाजू म्हणते, की ते कलम शिक्षा सुनावणाऱ्या न्यायालयासाठी आहे आणि मंडळ तर शिक्षा सुनावतच नाही. वाद खरा आहे. पण लेखी अर्ज देऊन मागणी करायला त्याची आडकाठी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितले होते, की भरपाई द्यायची की नाही याचा विचार प्रत्येक फौजदारी न्यायालयाने केलाच पाहिजे आणि तो केल्याचे निकालपत्रात दिसले पाहिजे. ते प्रकरण शेतात भुंकणाऱ्या कुत्र्यावर लोखंडी नळी मारण्यावरून पेटले होते आणि माणसाच्या मृत्यूने संपले होते. तो निकाल सज्ञान आरोपींचा आहे, मंडळावर तो थेट लागू करता येणार नाही. पण अर्जात त्याचा आधार घेता येतो.

आता पैशाकडे वळू, कारण पैशाचा रस्ता मंडळाच्या इमारतीतून जातच नाही. अपघात असेल तर तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जातो. तिथे चालक सतरा वर्षांचा होता की सत्तर, याने पीडिताच्या हक्काला बाध येत नाही, कारण दावा मुख्यतः वाहनाचा मालक आणि विमा कंपनी यांच्यावर असतो. दावा पीडित जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १६४ तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही मृत्यूसाठी पाच लाख आणि जबर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये देते. चूक दाखवून त्याहून अधिक मागायचे असेल तर कलम १६६ आहे. त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली. इथे लोक चुकतात. मंडळात काय होते ते पाहू आणि मग दावा करू, असे म्हणत ते सहा महिने घालवतात, जेव्हा मंडळाच्या निकालाची वाट पाहण्याचे कायद्याने काहीही कारण नसते.

विमा कंपनी साहजिकच म्हणणार, की चालकाकडे परवाना नव्हता, त्यामुळे आम्ही देणे लागत नाही. यावर न्यायालयांनी बसवलेली पद्धत अशी, की कंपनीने आधी पीडिताला पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत. २०११ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात सतरा वर्षांच्या मुलाने नातेवाइकाच्या घरातून मोटारसायकलची किल्ली न विचारता उचलली होती, आणि मालकाचे म्हणणे होते की माझ्या परवानगीशिवाय गाडी नेली, मग मी का भरू. आपले वाहन अल्पवयीनाच्या हाती पडू नये याची काळजी घेणे मालकाचेच काम आहे, असे न्यायालयाने सांगितले आणि वसुली त्याच्यावर कायम ठेवली. दाराशेजारच्या खिळ्याला गाडीची किल्ली टांगून ठेवणाऱ्या घराघरांना लागू पडणारा हा निकाल आहे.

न्यायाधिकरणात रक्कम ठरते ती कागदांवर. नोकरदाराची पगारपत्रके असतात, भाजीवाल्या बाईंकडे काय असते? आडत्याकडून माल उचलल्याच्या पावत्या, नगरपालिकेने रोज फाडलेली बैठकीची पावती, शेजारच्या गाडीवाल्याची साक्ष. ही चिठोरी जपून ठेवली तर रोजची कमाई दाखवता येते, नाही तर न्यायाधिकरणाला अंदाजाने उत्पन्न धरावे लागते आणि ते सहसा कमीच धरले जाते. औषधांची बिले, रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड, फिजिओथेरपीचा खर्च आणि घरातल्या कोणाला काम सोडून शुश्रूषेला बसावे लागले असल्यास त्याचा हिशेबही हवा. पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला कळवायचा असतो आणि पुढे सविस्तर अहवाल द्यायचा असतो. त्याची प्रत मागून घ्यावी; मुलाविरुद्ध एफआयआर नसल्याने येणारी पोकळी हा अहवाल बरीचशी भरून काढतो.

मुलाच्या वडिलांचे काय? १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले आहे. अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक स्वतः दोषी धरला जातो, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे पालकाने सिद्ध करायचे असते. वडील सज्ञान असल्याने त्यांच्याविरुद्धचे प्रकरण नेहमीच्या न्यायालयात चालते. त्यांचा पंचवीस हजारांचा दंडही जातो मात्र सरकारी तिजोरीतच.

अपघात सोडून इतर गुन्ह्यांत, म्हणजे मारहाण, खून किंवा लैंगिक अत्याचारात, विमा कंपनी नसते. मुलाकडे स्वतःचे काही नसते, आणि सर्वसाधारण नियम असा आहे, की मुलाच्या कृत्याबद्दल आईवडील केवळ आईवडील आहेत म्हणून दिवाणी भरपाईला जबाबदार ठरत नाहीत. त्यांचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. ‘पोराने केले, बापाने भरावे’ हा आपल्या गावगाड्याचा न्याय दिवाणी न्यायालयात तसाच चालत नाही. म्हणून अशा वेळी सरकारी भरपाई हाच व्यवहार्य मार्ग उरतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९६ नुसार प्रत्येक राज्याने पीडितांसाठी योजना करायची असते आणि रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने ठरवायची असते. आरोपी निर्दोष सुटला तरी पीडिताच्या पुनर्वसनाची गरज असेल तर न्यायालय शिफारस करू शकते, आणि आरोपी सापडलाच नाही तर पीडित स्वतः अर्ज करू शकतो, ज्यावर दोन महिन्यांत चौकशी पुरी करायची असते. तातडीच्या उपचारासाठी अंतरिम मदतीचीही तरतूद आहे. मुद्दा असा, की ही भरपाई गुन्हेगाराच्या खिशातून येत नाही, म्हणून त्याच्या वयाशी तिचा संबंध नाही.

महाराष्ट्रात बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांच्या पीडितांसाठी २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे; २०१७ च्या अखेरीस तिची कमाल मर्यादा दहा लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आली. बारा वर्षांच्या मुलीवर सोळा वर्षांच्या मुलाने अत्याचार केला, अशी प्रकरणे इथे फार अवघड होतात, कारण दोघेही कायद्याच्या दृष्टीने बालके असतात आणि दोघांचेही नाव गुप्त ठेवायचे असते. बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांसाठीचा पॉक्सो कायदा विशेष न्यायालयाला भरपाईचा अधिकार देतो. पण आरोपी बालक असल्यास कलम ३४ प्रमाणे त्याचे प्रकरण बाल न्याय कायद्याखाली जाते आणि विशेष न्यायालय चित्रातून बाहेर पडते. मुलीच्या आईने मग थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करावा. हे कार्यालय सहसा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तिथे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो. आपल्या भाजीवाल्या बाईंनाही.

वर्तमानपत्रांत मात्र यांपैकी कशाचीच चर्चा होत नाही. चर्चा होते ती एकाच प्रश्नाची, की मुलाला सज्ञान समजून खटला चालवायचा की नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला आलिशान मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला आणि मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालून मुलाला जामीन दिला, तेव्हा उसळलेला संताप समजण्यासारखा होता. पण कायदा पाहा. सोळा वर्षांवरच्या मुलाला सज्ञानासारखे वागवण्याचा विचार केवळ अतिगंभीर गुन्ह्यात होतो. दिल्लीतल्या एका अपघाताच्या प्रकरणात, मृताच्या बहिणीच्याच याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले, की ज्या गुन्ह्याला कमाल शिक्षा सात वर्षांहून जास्त असली तरी किमान शिक्षा सात वर्षे नाही तो अतिगंभीर धरता येणार नाही. सदोष मनुष्यवध अशा, अतिगंभीर न ठरणाऱ्या गुन्ह्यांतच मोडतो. पुण्याच्या मंडळानेही जुलै २०२५ मध्ये त्या मुलाला सज्ञान समजून खटला चालवण्याची मागणी फेटाळली. गुन्ह्याचे गांभीर्य हे अशा मुलाला जामीन नाकारण्याचे कारण बाल न्याय कायद्याच्या कलम १२ मध्ये नाहीच. न्यायाधीश बदलून हे बदलणार नाही, त्यासाठी कायदा बदलावा लागेल, आणि तो बदलावा की नाही याबद्दल विचारी माणसांत मतभेद आहेत. मला स्वतःला वाटते, की सतरा वर्षांच्या मुलाला दहा वर्षे तुरुंगात पाठवून भाजीवाल्या बाईंच्या पायातली सळई निघत नाही. पण त्याला कसलीच झळ न लागता सोडण्यानेही ती निघत नाही.

न्यूझीलंडने १९८९ साली याहून वेगळी वाट धरली. तिथे मुलाचे कुटुंब, पोलीस आणि पीडित एकत्र बसतात, पीडित स्वतः येऊ शकतो किंवा प्रतिनिधी पाठवू शकतो, आणि मुलाने काय भरून द्यायचे, कोणते काम करायचे, माफी कशी मागायची याचा आराखडा त्या बैठकीत ठरतो. आपल्याकडे मंडळापुढे पीडिताची भूमिका बव्हंशी साक्षीदाराची राहते. एप्रिल २०२२ मध्ये शेतकऱ्यांना मोटारीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खीरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पीडिताला तपासापासून अपिलापर्यंत प्रत्येक टप्प्यावर म्हणणे मांडण्याचा हक्क आहे असे म्हटले, आणि गुरुग्राममधल्या शाळेत २०१७ साली मारल्या गेलेल्या लहान मुलाचे वडील अल्पवयीन संशयिताच्या मूल्यांकनाचा, म्हणजे त्याला सज्ञानासारखे वागवायचे का हे ठरवण्यासाठीच्या तपासणीचा, वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत घेऊन गेले. म्हणजे दार पूर्ण बंद नाही. मात्र बाल न्याय कायद्याच्या कलम १०१ प्रमाणे, सोळा वर्षांवरच्या मुलाचा अतिगंभीर गुन्हा सोडल्यास, मंडळाने मुलाला निर्दोष ठरवले तर त्यावर अपील होत नाही. कलम १०२ खाली उच्च न्यायालयाकडे पुनरीक्षणाचा अर्ज एवढाच पर्याय राहतो.

रागाच्या भरात एक चूक मात्र टाळावी. मुलाचे नाव, छायाचित्र, शाळा किंवा ओळख पटेल असे काहीही व्हॉट्सॲपच्या गटात टाकले, तर कलम ७४ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि ज्याच्यावर अन्याय झाला तोच आरोपी होऊन बसतो.

मंडळातले कर्मचारी याच गोपनीयतेवर बोट ठेवून पीडिताला कागद दाखवायला नकार देतात. त्यांना कलम ९९ चे दुसरे पोटकलम दाखवावे. पहिले पोटकलम मुलासंबंधीचे अहवाल गोपनीय ठरवते; दुसरे म्हणते, की या कायद्यात इतरत्र काहीही असले तरी पीडिताला त्याच्या प्रकरणाची नोंद, आदेश आणि संबंधित कागदपत्रे नाकारता येणार नाहीत. एका वाक्याची ही तरतूद फार कमी वेळा वापरली जाते. ती घाईने वापरायला हवी, कारण कलम २४ प्रमाणे अपिलाची मुदत उलटल्यावर मुलाच्या दोषाची नोंद नष्ट केली जाते, म्हणजे त्याला कोऱ्या पाटीने आयुष्य सुरू करता यावे. बाईंच्या लेकाने मंडळाच्या पहिल्या तारखेलाच नकलांसाठी अर्ज द्यावा, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा, आणि ती प्रत आडत्याच्या पावत्या ठेवलेल्या पिशवीतच ठेवावी. न्यायाधिकरणात त्याच पिशवीतले कागद काढून वकिलाच्या हाती द्यायचे आहेत.